नंबर चारची तारीख

आमचं घर नेरला, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनिंगच्या, मागच्या भिंतीला लागून होतं. हंगाम सुरू झाला की आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे. भिंतीपलीकडच्या यंत्रांची घरघर भिंतीतून यायची, फरशीतून यायची, आडवं झालं तर उशीतूनही यायची. बाबा तिथंच गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला होते. घरी आल्यावरही ते ओरडूनच बोलत आणि आई त्यांना ओरडूनच उत्तर देई, त्यामुळे नव्या माणसाला वाटे की या घरात सारखं भांडण चालू असतं. कापसाचे तंतू सगळीकडे असत. वरणाच्या गंजात, ओल्या केसांत, माझ्या कॉलेजच्या वह्यांच्या पानांमध्ये. आई रोज सकाळी बुद्धाच्या मूर्तीच्या मांडीवरचे तंतू फुंकर मारून उडवी आणि मग वंदना म्हणे. पावसाळ्यात मात्र जिनिंग बंद असे. तेव्हा घर इतकं गप्प होई की मला ते आवडत नसे. आपण काहीतरी विसरलो आहोत, असं वाटत राही.

मी लिहिणारी बाई नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि पुढची सगळी वर्षं मी शाळेतल्या मुलांना संगणक शिकवण्यात घालवली. त्यामुळे मला पायरीपायरीनं सांगायची सवय आहे. पण ही गोष्ट तशी सांगता येत नाही, हे मी दोनतीनदा सुरुवात करून पाहिलं आहे.

मी सकाळी कॉलेजला जाई आणि दुपारी कॉम्प्युटरच्या क्लासला. तो एका खतबियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. जिन्यात युरियाचा आणि फवारणीच्या औषधाचा वास असे. वरच्या दाराशी चपला काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. खिडक्यांना जाड पडदे होते, आणि चार टेबलांवर चार मशीन, प्रत्येकावर शिवलेलं फुलाफुलांचं कापड. सर कापड काढायचे तेही देव्हाऱ्यावरचं वस्त्र काढावं तसे, दोन्ही हातांनी. भिंतीवर त्यांनी स्वतः रंगवलेला तक्ता होता. वरती मण्यांची पाटी, तिच्याखाली भोकं पाडलेलं कार्ड, मग काचेचे दिवे असलेलं हॉलभर मशीन, मग ट्रान्झिस्टर, मग चिप. प्रत्येकाच्या मधे बाण.

"पहिला कॉम्प्युटर केवढा होता माहीत हाय?" सर विचारत. "आपलं जिनिंग हाय न, तेवढा. अन् डोकं किती? तुमच्या हातातल्या कॅल्क्युलेटरएवढं. त्याले आठवण म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. मंग माणसानं एकएक करून त्याले सगळं शिकवलं. मोजायले शिकवलं, वाचायले शिकवलं, ध्यानात ठेवायले शिकवलं."

आमच्या नंबर चारला मात्र ध्यानात ठेवणं जमत नसे. तो सगळ्यांत जुना होता, सरांनी कुठून तरी वापरलेला आणला होता. त्याच्या आतली घड्याळाची बॅटरी कधीच संपली होती आणि तसली बॅटरी यवतमाळलाही मिळत नव्हती. दर वेळी सुरू केला की काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत तो सांगे, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, मंगळवार. आणि खाली विचारे, खरी तारीख कोणती? आम्ही तेव्हा पाळण्यात असू. दिवसातून तीनदा वीज जाई, आणि तीनदा तो त्याच मंगळवारी जागा होई. मग जो बसला असेल त्यानं तारीख टाकायची, आधी महिना, मग दिवस, मग वेळ. टाकू ते तो मुकाट मानून घेई. वार तेवढा स्वतःच काढून सांगे, आणि तो कधी चुकत नसे.

नंबर चारवर ललिता बसे. ललिता राठोड, नेरपासून आत असलेल्या एका बंजारा तांड्यावरची. ती एसटीनं फाट्यापर्यंत येई-जाई आणि फाट्यापासून तांड्यापर्यंत पायी, वाटेत नाल्यावरचा रपटा, पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. तिच्याही घरात तिच्याआधी कुणी शिकलं नव्हतं, आणि आमची मैत्री बहुधा त्यामुळेच झाली असावी, कारण बाकी आमच्यात काही सारखं नव्हतं. मी एक कळ दाबायची तर तीनदा विचार करायची. ती पेटी वाजवल्यासारखी बोटं चालवायची. दुपारी आम्ही जिन्यात बसून डबा खायचो. तिच्या डब्यात ज्वारीची जाड भाकर असे, जिला ललिता बाटी म्हणे, आणि अंबाडीची आंबट भाजी. मी माझं वांगं तिला देऊन ती भाजी घेई.

"तुया मायच्या हातचं वांगं म्हणजे लय भारी वं," ती म्हणे. "पण त्यात कापूस निंघते."

"निंघाला तं वात कर अन् दिवा लाव."

नंबर चारला फसवायचा तिला नाद लागला होता. वीज आली की ती तारीख टाकताना माझ्याकडे डोळा मारून पुढचीच एखादी टाकायची. कधी परीक्षेनंतरची, कधी रविवार. "मी आज सुट्टीवर हावो," म्हणायची आणि खुर्चीत मागे रेलायची. मी घाबरायचे. मला वाटे, मशीन बिघडेल.

"कायले भेतं? त्याले काय समजते? त्याले आपून सांगू तोच दिवस."

"पण सगळ्या फायलींवर तीच तारीख पडते न."

"पडू दे. म्हणजे मी तुयाहून पुढं."

त्या पावसाळ्यात सरांनी आम्हाला एक पान लिहायला सांगितलं, येणारा कॉम्प्युटर कसा असेल. तक्त्यावर चिपच्या खाली त्यांनी जागा मोकळी सोडली होती, तिथं काय येईल ते सांगा म्हणाले. मराठी अक्षरं तेव्हा त्या मशीनवर नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. मी आदल्या दिवशी कागदावर लिहून आणलं आणि बघून बघून टाइप केलं. ललितानं थेट टाइप करायला घेतलं. बुधवार होता. बाहेर सकाळपासून पाणी लागलं होतं आणि पडद्याआड दुपारही संध्याकाळसारखी दिसत होती. तीनच्या एसटीला अजून वेळ होता, तरी ती एकदम उठली, फाईल ठेवून मशीन बंद केलं, आणि छत्री शोधत म्हणाली, "जातो वं. उद्या पुरं करतो." आमच्याकडे मुलीही कधी कधी असं 'जातो' म्हणतात. खरं तर निघताना 'येतो' म्हणायचं असतं.

एसटीनं तिला फाट्यावर सोडलं, एवढं कंडक्टरनं सांगितलं. रपट्यावरून पाणी चाललं होतं. तिची छत्री खाली बाभळीत अडकलेली सापडली. ती सापडली नाही. तांड्यावरची माणसं, मग पोलीस, मग खालच्या गावांतली पोहणारी पोरं, सगळ्यांनी नाला मोठ्या नदीला मिळतो तिथवर धुंडाळलं. तिचे वडील रामजीकाका पाणी उतरल्यावरही रोज काठाकाठानं चालत राहिले. तांड्यावरच्या वडीलधाऱ्यांनी, नायकांनी त्यांना समजावलं, जे करायचं असतं ते करून टाका, पोरीला मोकळं करा. ते म्हणाले, छत्रीचं काय क्रियाकर्म करू?

क्लासमध्ये सरांनी नंबर चारवर कापड घातलं आणि ते पुन्हा काढलं नाही. कुणी त्या खुर्चीवर बसलंही नाही. मी शेजारी तीनवर बसायचे. बाकीची मशीन सुरू असली की त्यांच्या पंख्यांचा आवाज यायचा, आणि मला सारखं वाटायचं की तो आवाज तीन मशीनचा नाही, चारांचा आहे. मी मोजायचा प्रयत्न करायचे. पंख्यांचे आवाज मोजता येत नाहीत.

दिवाळी आली. ललितानं मला सांगितलं होतं की दिवाळीच्या अमावस्येला त्यांच्या तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली हातात दिवे घेऊन घरोघर जातात, दारात उभ्या राहून घरातल्या एकेकाचं नाव घेऊन म्हणतात, तोन मेरा. म्हणजे तुला मेरा, तुला हा दिवा, तुझं भलं होवो. आधी आपल्या बापाला म्हणायचं. "पुढल्या दिवाळीले मी कोन्या घरी असंन काय माहीत," ती म्हणाली होती, "यंदा बापूले जोरात म्हणतो." मला नंतर कळलं की त्या संध्याकाळी रामजीकाकांनी दार सताड उघडं ठेवलं होतं. मुली आल्या, त्यांच्या दारात थांबल्या, काकांना मेरा म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दार तसंच उघडं राहिलं.

दिवाळीनंतर क्लास उघडला. नवी मुलं येणार होती आणि चार मशीन हवी होती. सर म्हणाले, "प्रज्ञा, चारवालं काढ बरं. बंद राह्यलं तं खराब होईन." मी दोन्ही हातांनी कापड काढलं. जिनिंग सुरू झालं होतं आणि बाकी तिन्ही मशीनच्या कळांमध्ये पांढरे तंतू बसले होते. चारच्या कळा स्वच्छ होत्या, नुकतं कुणी उठून गेल्यासारख्या. कापडाखाली असल्यामुळे, हे आज लिहिताना साधं वाटतं. तेव्हा मी हात मागे घेतला होता.

मशीननं तारीख विचारली, मी टाकली. मग आत कोणकोणत्या फायली आहेत ते पाहिलं. माझी होती, इतरांच्या होत्या, सगळ्या पावसाळ्यातल्या. शेवटची LALITA. तिच्यापुढे तारीख होती दिवाळीच्या अमावस्येची, आणि वेळ दिवेलागणीची.

मी ती फाईल उघडली. तक्त्यावरच्या रिकाम्या जागेसाठी लिहिलेल्या चारपाच ओळी होत्या. तो भाकरीच्या तुकड्याएवढा असेल. तो लिहून नाही, बोलून चालेल. त्याला मराठी कळेल, आमची गोरमाटीही कळेल. तो मला नावानं हाक मारेल. मी घरी गेली तरी तो. इथं ओळ संपली होती. पुढे नुसती हिरवी खूण लुकलुकत होती.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वाचलं, मग तारीख वाचली. "दिवाळीले तं क्लास बंद होता," ते म्हणाले. "चाबी माह्या खिशात होती. मी गावाले गेलतो."

मी त्यांना ललिताच्या नादाबद्दल सांगितलं. ती पुढच्या तारखा टाकायची, हीपण टाकली असेल.

"टाकताना पाह्यली काय तू?"

"नाही."

"मंग गप राह्य." ते खिडकीचा पडदा नीट करू लागले, तो आधीच नीट होता. "परवा सगळं पुसून टाकतो. मशीन कोरं करतो."

पण नव्या मुलांपैकी कुणीतरी ऐकलं होतं. बातमी त्याच दिवशीच्या एसटीनं फाट्यावर उतरली. घरी आईलाही कळलं. ती भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही, नुसती यंत्रांच्या आवाजाच्या वर ओरडून म्हणाली, "भूत-बित काही नसते, आपल्यात नाही मानत." मग तवा उतरवून जवळ आली आणि पहिल्यांदाच हळू बोलली, "पण तू त्या खुर्चीवर बसत जाऊ नको बाप्पा."

दुसऱ्या दिवशी दुपारी रामजीकाका आले. पांढरा फेटा, हातात काठी. चपला त्यांनी खाली दुकानाच्याच दारात काढल्या होत्या, अनवाणी जिना चढून आले. त्यांना पाहून सर उभे राहिले. काका मला ओळखत होते, माझ्याजवळ आले.

"कोन्ती जागा तिची?"

मी दाखवली. त्यांनी खुर्चीला हात लावला, पण बसले नाहीत. "काय लिवलं ते वाच."

मी वाचलं. गोरमाटीच्या ओळीपाशी ते जरा हसले. मग म्हणाले, "आता दिवस वाच." मी दिवस वाचला, वेळही वाचली.

"म्या दार उघडं ठेवलतं," ते म्हणाले. "मेरा मांगायच्या वक्ती. साऱ्या पोरी आल्या. अन् हे इथं येऊन बसली व्हती? इथून दोन घंट्याची वाट, घरी काहून नाई आली, बाई? माहं काय चुकलं?"

मला वाटलं होतं, ते विचारतील की ती जिवंत आहे का. हे असं विचारतील असं वाटलं नव्हतं. सर म्हणाले, "रामजीभाऊ, बसा. पाणी घ्या." काका म्हणाले, "सर, कापसाच्या काट्यावर आमाले सांगते, मशीन खोटं बोलत नाई. मंग हे बी खरंच असंन न?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत, बोलू नको, असं होतं. आई जिच्यावर बसू नको म्हणाली होती त्या खुर्चीवर मी बसले.

"काका, हे खोटं बोलत नाही. पण याले माहीतही नाही काही. आपून सांगतो तोच दिवस हे धरते. ललिता मुद्दाम पुढचा दिवस टाके. मजा म्हणून. पाहा." मी उद्याची तारीख टाकली. मशीननं घेतली. "हे पाहा, उद्या झाला."

"पुढली दिवाळी टाक."

मी टाकली. तीही घेतली.

काका पडद्याजवळ वाकले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळेना, त्यांना पटलं की आणखी दुखलं. मग त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"मांगं जाते काय?"

"कुठं?"

"मांगं. गेलेल्या दिसात."

"जाते."

"मंग टाक. पानी आलं त्याच्या आदल्या रोजाची."

मी टाकली. मशीननं मान्य केलं आणि समोर वार आला.

"वार कोन्ता म्हनते?"

"मंगळवार."

"तू सांगतला काय त्याले?"

"नाही. वार ते स्वतः काढते."

त्यांनी मान हलवली. "मंगळवारच व्हता. त्या रोजी तिनं सांजच्याला अंबाडी खुडली. मले म्हने, बापू, निवडू लाग." मग ते त्या खुर्चीच्या बाजूला, जमिनीवर, मशीनच्या समोर बसले. पडद्यावर हिरवी खूण लुकलुकत होती, जिनिंगचा आवाज लांबून येत होता, आणि खरं सांगते, त्या खोलीत तो मंगळवार होता. बाहेरच्या उन्हाशी त्याचा काही संबंध नव्हता. जिन्यात कुणी पाय पुसत असेल असं मला वाटलं, आणि मी दाराकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"छोरी," काका मशीनला म्हणाले, आपल्या घरात बोलावं तितक्या हळू. "उद्या जाऊ नको वं. पानी येऊन राह्यलं."

खूण लुकलुकत राहिली. ते थांबले, समोरून उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबले. मग पुन्हा म्हणाले, "उद्या घरीच राय."

तेवढ्यात वीज गेली. पडदा मिटला, पंखे थांबले, जिनिंगसुद्धा थांबलं. इतक्या सगळ्या आवाजांखाली काय असतं ते मला त्या दिवशी ऐकू आलं. काही नसतं. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून आलेला उजेड काकांच्या फेट्यावर पडला होता.

आज माझ्या हातातल्या फोनला मी बोलून काम सांगते. तो भाकरीच्या तुकड्याएवढाच आहे, मला नावानं हाक मारतो, आणि परवा माझ्या एका विद्यार्थिनीनं त्याच्याशी गोरमाटीत बोलून दाखवलं तेव्हा मी दुसऱ्या खोलीत निघून गेले. सरांच्या तक्त्यावर त्या मोकळ्या जागेत पुढे पुष्कळ काही आलं असतं. पण मला विचाराल तर एक मोठा टप्पा कुठल्याच तक्त्यावर नाही. मशीननं माणसाला तारीख विचारायचं सोडलं, तो दिवस. आता मशीन ती आकाशातून स्वतःच घेतात. त्यांना कुणी मागे नेत नाही.

त्या दुपारी थोड्या वेळानं वीज आली. आधी जिनिंगचा आवाज आला, मग खोलीतला दिवा, मग नंबर चार. त्यानं सांगितलं, आज एक जानेवारी ऐंशी, मंगळवार. आणि खाली विचारलं.

काका काठीचा आधार घेऊन उठले. "काय म्हनते आता?"

"तारीख मागते."

त्यांनी फेटा काढला, झटकला. कापसाचे दोनचार तंतू उडाले. पुन्हा सावकाश बांधला. शेवटचा पदर खोचला.

"आजची टाक."

मी टाकली.

"वार?"

"शुक्रवार."

"शुक्रवार," ते म्हणाले. "मंग फाट्यावर बजार असंन आज. तिच्या नावाच्या दिव्याले तेल घ्या लागते." सरांना त्यांनी हात जोडले, माझ्या डोक्यावर एकदा हात ठेवला, आणि भिंतीला धरून जिना उतरून गेले.